थांबण्याची विद्या

आपल्या मराठीत काळीज हा शब्द मोठा फसवा आहे. कवी ज्याला काळीज म्हणतात ते हृदय. खाटकाकडे जी कलेजी मिळते ते यकृत, म्हणजे लिव्हर. मुलीला काळजाचा तुकडा म्हणताना यातलं नेमकं काय आपल्या मनात असतं, याचा विचार मी चार कादंबऱ्या लिहूनही कधी केला नव्हता. तो करायची वेळ २०१९ च्या पावसाळ्यात आली. पुण्यातल्या एका रुग्णालयात मी आणि माझी धाकटी भावजय प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून होतो. आत एका टेबलावर माझा धाकटा भाऊ होता आणि शेजारच्या शस्त्रक्रियागृहात त्याची एकुलती एक मुलगी, माझी पुतणी. तिच्या यकृताचा निम्म्याहून मोठा भाग काढून तो तिच्या वडिलांना बसवला जात होता.

भावाचं यकृत हेपटायटिस-बी या विषाणूनं वर्षानुवर्षं पोखरलं होतं. त्यातच एक गाठ सापडली. गाठ लहान होती, पण कर्करोगाची होती. यकृत बदलणं हाच उपाय होता, आणि मुलीचं यकृत जुळलं. शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी सर्जननी आम्हा सर्वांना बसवून समजावलं, की मुलीच्या यकृताचा जो भाग मागे राहील तो वाढेल आणि काही महिन्यांत जवळजवळ पहिल्याइतका होईल. कापलेला तुकडा पुन्हा फुटत नाही. उरलेलाच भाग भरत जातो. हे ऐकून आम्ही सगळे सुटकेचा निःश्वास टाकत असताना पुतणीनं एक प्रश्न विचारला. बाबांच्या यकृतातल्या पेशी वाढत सुटल्या म्हणून तर हे सगळं रामायण घडलं. मग माझ्या पेशी वाढायला लागल्यावर त्यांना पुरे असं कोण सांगणार?

सर्जननी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांनी कागद ओढून त्यावर पेशी काढली, तिच्यातल्या ब्रेकविषयी सांगितलं आणि बोलता बोलता एका जर्मन माणसाचं नाव घेतलं. पेशीत असा ब्रेक असला पाहिजे, हे त्यानं १९१४ सालीच सांगून ठेवलं होतं. नाव होतं थिओडोर बोव्हेरी.

मी चमकलो. हे नाव माझ्या ओळखीचं होतं, पण भलत्याच ठिकाणचं. ऐंशीच्या दशकात मी बँकेत नवा अधिकारी असताना कारखान्यांच्या कर्जप्रकरणांत यंत्रसामग्रीच्या याद्या तपासाव्या लागत. त्यात मोटारी आणि स्विचगिअरसमोर हिंदुस्तान ब्राउन बोव्हेरी हे नाव हमखास असे. त्याच घराण्याची आजची ओळख म्हणजे एबीबी. त्यातला दुसरा बी हा बोव्हेरीचाच. हा कंपनीवाला बोव्हेरी पेशींच्या भानगडीत कसा पडला, असं मला वाटलं. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री जागण्याच्या होत्या. त्या काळात आणि नंतर निवृत्तीच्या मोकळ्या वेळात मी या माणसाचा शोध घेत राहिलो. त्याची ही हकीकत.

कंपनीवाला बोव्हेरी म्हणजे वॉल्टर. त्यानं १८९१ मध्ये चार्ल्स ब्राउन याच्याबरोबर स्वित्झर्लंडमधल्या बाडेन गावी विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला. थिओडोर हा त्याचा मोठा भाऊ. त्याचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२ चा, बव्हेरियातल्या बांबेर्ग या जुन्या गावातला. वडील डॉक्टर. घरात संगीत होतं. थिओडोर उत्तम पियानो वाजवी आणि चित्रंही काढी. शिक्षणासाठी म्युनिकला गेला तेव्हा सुरुवातीला त्यानं इतिहास आणि तत्त्वज्ञान घेतलं होतं. लवकरच तो निसर्गविज्ञानाकडे वळला आणि शरीरशास्त्राचे प्राध्यापक कार्ल फॉन कुप्फर यांच्या हाताखाली आला. यकृताच्या आतल्या रक्तवाटांमध्ये पहारेकऱ्यांसारख्या बसलेल्या पेशी असतात. त्यांना आजही कुप्फर पेशी म्हणतात. पुतणीच्या प्रश्नाचा धागा ज्या माणसापाशी पोचला, त्याचे गुरू यकृताचे जाणकार निघावेत, हा योगायोग मला उगाचच शुभ वाटला.

पण बोव्हेरीचं लक्ष यकृताकडे नव्हतं. १८८५ मध्ये पदवी घेऊन तो प्राणिशास्त्राकडे वळला आणि घोड्याच्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यावर त्याची नजर खिळली. जंतच का? तर त्याच्या पेशींत गुणसूत्रं अगदी मोजकी असतात, दोन किंवा चार. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रांची गर्दी असते. जंताच्या पेशीत चारच पाहुणे असल्यामुळे कोण कुठं बसला हे नीट दिसतं. पेशी दुभंगण्याआधी गुणसूत्रं दिसू लागतात आणि नंतर विरघळल्यासारखी नाहीशी होतात. पुढच्या वेळी दिसतात ती तीच असतात की नवी, हा त्या काळचा मोठा वाद होता. बोव्हेरीनं सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसून दाखवून दिलं की ती जिथं नाहीशी झाली तिथंच, त्याच मांडणीत पुन्हा प्रकटतात. मधल्या काळात ती अदृश्य असली तरी नष्ट झालेली नसतात. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडं खेचून नेणारं जे केंद्र असतं, त्याला सेन्ट्रोसोम हे नावही त्यानंच दिलं. तेव्हा तो पंचविशीत होता.

त्यानंतर दीर्घ आजारपण आलं. शरीराइतकंच मनही खचलं होतं. ही मरगळ त्याला आयुष्यभर अधूनमधून गाठत राहिली. त्यातून उठून १८९३ मध्ये तो व्युर्ट्सबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि अखेरपर्यंत तिथंच राहिला. १८९६ मध्ये तिथं एक अमेरिकन बाई आली. मार्सेला ओ'ग्रेडी. बोस्टनची, एमआयटीतून जीवशास्त्राची पदवी घेतलेली पहिली स्त्री आणि व्हॅसार कॉलेजातली प्राध्यापिका. व्युर्ट्सबुर्गला विज्ञान शिकणारी ती पहिलीच स्त्री होती. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. १९०० मध्ये मुलगी झाली, मार्गरेट. ती पुढं जर्मनीतली नामवंत पत्रकार झाली. मार्सेलानं संसार केला आणि नवऱ्याच्या प्रयोगांत बरोबरीनं हातही लावला.

ज्या प्रयोगासाठी बोव्हेरीचं नाव अजून घेतलं जातं, तो नेपल्सच्या समुद्रकाठचा. तिथल्या सागरी संशोधन केंद्रात जगभरचे जीवशास्त्रज्ञ मुक्कामाला येत. १९०१-०२ च्या हिवाळ्यात हे जोडपं तिथं सी-अर्चिनच्या अंड्यांवर काम करत होतं. सी-अर्चिन म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा काटेरी चेंडूसारखा प्राणी. त्याची अंडी काचेच्या भांड्यात फलित करता येतात आणि पुढची सगळी वाढ डोळ्यांदेखत होते.

नेहमी एका अंड्यात एकच शुक्रजंतू शिरतो. पण पाण्यात शुक्रजंतूंची गर्दी केली तर एखाद्या अंड्यात दोन शिरतात. बोव्हेरीच्या मोजणीनुसार या प्राण्याच्या अंड्यात १८ गुणसूत्रं आणि शुक्रजंतूतही १८, म्हणजे नेहमीच्या पेशीत ३६. दोन शुक्रजंतू आले की ती होतात ५४. त्यातून खेचणारी केंद्रंही दोनऐवजी चार होतात. मग अंडं दोन पेशींत न दुभंगता एकदम चार पेशींत फुटतं आणि गुणसूत्रांची वाटणी कशीही होते.

मी ही गोष्ट बँकेच्या भाषेत समजून घेतली. समजा, बँकेच्या कामाला १८ प्रकारच्या खातेवह्या लागतात. प्रत्येक प्रकारच्या तीन प्रती आहेत आणि त्यांच्या झेरॉक्स काढून सगळा ढीग डोळे मिटून चार शाखांत वाटला. सरासरी प्रत्येक शाखेला २७ वह्या येतील. पण एखाद्या शाखेत बचत खात्याच्या चार वह्या जातील आणि कर्जाची एकही नाही. ती शाखा काही दिवस चालेल, मग कोलमडेल.

बोव्हेरीनं त्या चारही पेशी अलगद सुट्या करून वाढवल्या. एकाच अंड्यातल्या त्या चार बहिणी, पण प्रत्येकीची गत वेगळी झाली. एक बरीच पुढं गेली, दुसरी वाटेत अडली, तिसरीचे तुकडे पडून लगदा झाला. गुणसूत्रांची संख्या कमीजास्त झाल्यानं असं घडलं का? तर नाही. कारण फक्त १८ गुणसूत्रांवर वाढणारी पिल्लं त्याला ठाऊक होती आणि ती व्यवस्थित घडत. म्हणजे मोजून किती याला महत्त्व नव्हतं. प्रत्येक प्रकारचं निदान एक हवं, याला होतं. गुणसूत्रं एकसारखी नसतात, प्रत्येकाकडं वेगळं खातं असतं, हे या प्रयोगानं सिद्ध झालं. त्याच सुमारास अमेरिकेत वॉल्टर सटन हा तरुण स्वतंत्रपणे याच दिशेनं आला. आनुवंशिकता गुणसूत्रांतून वाहते, या सिद्धांताला म्हणूनच दोघांचं नाव मिळालं.

त्या लगद्याकडं पाहताना बोव्हेरीच्या मनात दुसराच विचार आला. गुणसूत्रांची वाटणी चुकल्यावर पेशी बहुधा मरते. पण एखादी मरत नसेल तर? नेमकं थांबायला सांगणारं खातंच तिच्या वाटणीला आलं नसेल, तर ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना न जुमानता वाढत सुटेल आणि आपली ही उणीव प्रत्येक लेकीला वारशात देईल. कर्करोगाची गाठ म्हणजे हेच तर नसेल?

१९०२ च्या निबंधात त्यानं ही शंका नोंदवली. पण कर्करोगातले जाणकार म्हणवणाऱ्यांशी तो बोलला तेव्हा त्यांनी ती कल्पना मनावर घेतली नाही. बोव्हेरी त्या क्षेत्रातला नव्हता. त्यानं गाठींवर प्रयोग केले नव्हते. त्यानं लिखाण बाजूला ठेवलं, आणि एक तप ते तसंच राहिलं. मी लेखक असल्यामुळे या बारा वर्षांपाशी अडखळलो. टेबलाच्या खणात पडून राहिलेलं हस्तलिखित काय असतं ते मला माहीत आहे. वर काहीही ठेवलं तरी त्याचा कोपरा दिसतच राहतो.

दरम्यान १९१२ मध्ये बर्लिनहून मोठं बोलावणं आलं. कैसर विल्हेल्म यांच्या नावानं जीवशास्त्राची नवी संस्था उभी राहायची होती आणि तिचा पहिला संचालक म्हणून बोव्हेरी हवा होता. त्यानं आराखडे पाहिले, सहकारी निवडले. त्यात त्याचा जुना विद्यार्थी हान्स श्पेमान होता आणि ओटो वारबुर्ग होता. दोघांनाही पुढं नोबेल मिळालं. पण त्याची तब्येत ढासळत होती. १९१३ मध्ये त्यानं नकार कळवला आणि तो व्युर्ट्सबुर्गलाच राहिला. आपल्याला आता किती झेपेल याचा हिशेब त्यानं केला असावा, आणि उरलेल्या शक्तीत खणातलं लिखाण बाहेर काढावं असं ठरवलं असावं. हा माझा अंदाज. पण १९१४ मध्ये ते पुस्तक आलं, ही वस्तुस्थिती आहे.

कर्करोगाच्या गाठींच्या उत्पत्तीविषयीचं ते पुस्तक जेमतेम साठ-पासष्ट पानांचं आहे. आपण हे स्वतः गाठींवर तपासलेलं नाही, याची कबुली देऊनच तो पुढं जातो. गाठ एकाच बिघडलेल्या पेशीपासून सुरू होते, असं तो सांगतो. प्रत्येक निरोगी पेशीत वाढ रोखून धरणारी व्यवस्था असते. भोवतालच्या शरीराची गरज पडली तेवढ्यापुरतीच ती ढिली होते आणि काम झालं की पुन्हा आवळते. ही व्यवस्था गुणसूत्रांवर अवलंबून असते. ती हरवली की पेशी बेलगाम होते. उलट, वाढीला रेटा देणारी गुणसूत्रं जास्त झाली तरी तसंच होईल. हे सगळं त्यानं लिहिलं तेव्हा जनुक म्हणजे नेमकं काय, हे कोणालाही ठाऊक नव्हतं.

पुस्तक निघालं त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, त्रेपन्नावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले असताना, बोव्हेरी गेला. आपलं म्हणणं खरं की खोटं, हे त्याला कळलं नाही.

मार्सेला पुढं अमेरिकेत परतली. १९२७ पासून न्यू हेवनमधल्या एका नव्या महिला महाविद्यालयात तिनं विज्ञान विभाग उभा केला, आणि नवऱ्याच्या त्या छोट्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर करून १९२९ मध्ये प्रसिद्ध केलं. तोवर ती पासष्टीत होती. नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम बायकोनं पुरं करण्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. इथं ती स्वतः त्या कामाची जाणकार होती, हे विसरून चालणार नाही.

पुढं काय झालं? १९८२ मध्ये अमेरिकेत समुद्रकाठच्याच एका प्रयोगशाळेत, सी-अर्चिनच्याच अंड्यांत, टिम हंट यांना एक प्रथिन सापडलं. पेशी दुभंगण्याआधी ते साठत जाई आणि दुभंगताना नाहीसं होई. त्याचं नाव सायक्लिन. हे सायक्लिन दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडी जमवून पेशीला विभाजनाकडं रेटतं. या शोधांसाठी २००१ चं नोबेल हंट, लेलंड हार्टवेल आणि पॉल नर्स यांना मिळालं. हा झाला रेटा. रोखणारेही सापडत गेले. लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगाचा अभ्यास करताना आर-बी हे जनुक हाती लागलं. पी-५३ हे प्रथिन १९७९ पासून माहीत होतं, पण ते रोखणाऱ्यांपैकी आहे हे दहा वर्षांनी कळलं. १९९३ मध्ये त्याच्या हुकमावर काम करणारं पी-२१ मिळालं.

यांची कामं मला परकी वाटली नाहीत. सहामाही क्लोजिंगच्या रात्री आमच्या शाखेत बॅलन्स जुळल्याशिवाय पुढचं पान उघडायची सोय नव्हती. दहा पैशांचा फरक असला तरी रात्री दोनपर्यंत बसायचं. पेशीतही तेच. पी-५३ हा तपासनीस. गुणसूत्रांत मोडतोड दिसली की तो पी-२१ ला पाठवतो. पी-२१ जाऊन सायक्लिनच्या जोडीवर ठाण मांडतो आणि रेटा थांबतो. दुरुस्ती झाली तर काम पुढं सरकतं. होण्यासारखी नसेल तर पेशीलाच मोडीत काढलं जातं.

यकृतात या ब्रेकना फार महत्त्व आहे, कारण ते एक विलक्षण इंद्रिय आहे. एरवी त्याच्या पेशी शांत असतात; हजारांत एखादीच दुभंगताना दिसेल. पण उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापला तर उरलेल्या जवळजवळ सगळ्या पेशी जाग्या होतात आणि आठ-दहा दिवसांत यकृत मूळ वजनाला येतं. हिगिन्स आणि अँडरसन यांनी हा प्रयोग १९३१ मध्ये नीट बसवून दिला. त्या वजनाला आलं की वाढ थांबते. १९९६ मध्ये शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले, की त्यांच्या यकृतात पी-२१ सतत भरपूर बनत राहावं. त्यांची यकृतं खुरटी राहिली आणि कापल्यावर पुन्हा भरलीच नाहीत. उलट, ज्या उंदरांत पी-२१ नव्हतं त्यांच्या पेशी कापल्यानंतर वेळेआधीच विभाजनाला लागल्या. ब्रेक कायम दाबला तरी नुकसान, आणि नसला तरी घाई. वेळेवर सुटावा आणि वेळेवर लागावा, यात सगळं आहे.

ब्रेक तुटतो कसा, याचं एक उदाहरण घरातल्या बायकांना सांगण्यासारखं आहे. ओलसर जागी साठवलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर जी बुरशी येते तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं. १९९१ मध्ये चीन आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या यकृताच्या कर्करोगांत पी-५३ च्या जनुकात ठराविक एकाच जागी बिघाड आढळला. त्या भागांत हे विष खाण्यात येतं, आणि ते तिथंच घाव घालतं. बुरशी आलेले दाणे धुऊन-भाजून वापरू नयेत, टाकून द्यावेत. आणि बाळाला हेपटायटिस-बीची लस चुकवू नये. माझ्या भावाच्या लहानपणी ती नव्हतीच.

बोव्हेरीचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. तो अख्ख्या गुणसूत्रांचा विचार करत होता. पुष्कळदा बिघाड एखाद्याच जनुकातल्या एखाद्या अक्षरात असतो. आणि यकृतानं तर त्यालाही चकवलं असतं. प्रौढ माणसाच्या निरोगी यकृतातही कित्येक पेशींत गुणसूत्रांचे दुप्पट संच असतात, काहींत दोन दोन केंद्रकं असतात, आणि तरी त्या शिस्तीत राहतात. पण वाढ ही पेशीची उपजत ओढ आहे आणि तिला रोखून धरणारी यंत्रणा पेशीतच बसवलेली आहे, हा त्याचा गाभ्याचा विचार टिकला.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी पुतणीचं स्कॅन झालं. यकृत जवळजवळ पहिल्याइतकं भरलं होतं. घरी पेढे वाटले. आणखी सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झालं. आकडा जवळपास तोच होता. त्या दिवशी कोणी पेढे आणले नाहीत, कारण काही घडलंच नव्हतं. पुतणीनं मात्र तो दुसरा रिपोर्ट मला फोनवर दोनदा वाचून दाखवला.

भाऊ रोज संध्याकाळी फिरायला जातो. त्याची तपासणी ठराविक काळानं होत राहते आणि रिपोर्ट हाती येईपर्यंत घरातलं कुणी नीट जेवत नाही. परवा अशाच एका तपासणीला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. बाहेर पडताना रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीवर मला एबीबी ही तीन अक्षरं दिसली. मी दोन पावलं थांबलो. भावानं काय झालं म्हणून विचारलं. सांगतो, म्हटलं, आणि घरी येईपर्यंत त्याला थिओडोर बोव्हेरीची गोष्ट सांगितली.